एलएनए ३५ केल्विनचा, मग ॲरे ७० चा कसा? – माझा अनुभव

आमचा फेज्ड ॲरे (अनेक अँटेनांचे सिग्नल फेज जुळवून एकत्र करणारी मांडणी) सोळा अँटेनांचा, १४२० मेगाहर्ट्झचा, म्हणजे अवकाशातल्या हायड्रोजनच्या रेडिओ रेषेसाठी. प्रत्येक अँटेनामागे एक एलएनए, म्हणजे स्वतःचा नॉइज अगदी कमी घालणारा ॲम्प्लिफायर. डेटाशीटप्रमाणे नॉइज फिगर ०.५ डीबी, म्हणजे साधारण ३५ केल्विन (तेवढाच नॉइज देणाऱ्या रेझिस्टरचं तापमान, हेच नॉइज टेंपरेचर). अख्ख्या ॲरेचं नॉइज टेंपरेचर मोजायचं काम माझ्याकडे आलं.

पद्धत जुनीच, वाय-फॅक्टरची. ॲरेवर ॲब्सॉर्बरचं, म्हणजे रेडिओ लहरी शोषणाऱ्या फोमचं, झाकण ठेवून पॉवर मोजायची, मग झाकण काढून मोकळ्या आकाशाची. झाकण ३०० केल्विनचं, आकाश इथे जेमतेम ६ चं. दोन्ही पॉवरचं गुणोत्तर ५ आलं तर रिसीव्हर ६७ केल्विनचा, ४ आलं तर ९२ चा.

पुण्यात गच्चीवर हे जमत नाही. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे खरा, पण एलएनएला ते कोण सांगणार! ९०० आणि १८०० वरचे मोबाइल टॉवर त्याला आधीच सॅच्युरेट करतात, म्हणजे त्याच्या क्षमतेबाहेर ढकलतात. त्याच्या आधी फिल्टर लावावा, तर फिल्टरचा अर्धा डीबी लॉस आणखी पस्तीसेक केल्विन घालतो. शेवटी सगळं बिऱ्हाड उचलून जुन्नर तालुक्यातल्या एका शेतावर नेलं.

खरा वेळ खाल्ला तो झाकणाने. लाकडी चौकटीवर कार्बन भरलेल्या फोमचे निळे पिरॅमिड. ऊन लागलं की टोकं तापतात, बुडखा थंडच राहतो. मग ३०० धरायचे कुठले? फोममध्ये वेगवेगळ्या खोलीवर थर्मोकपल खोचले आणि मापं उजाडायच्या आत उरकायची ठरवलं. सूर्य तसाही बीममध्ये, म्हणजे ॲरे बघतो त्या दिशेत, नकोच, आकाशगंगेचा पट्टाही नको. जमीनसुद्धा ३०० केल्विनचीच, म्हणून ॲरेभोवती तारेची जाळी तिरकी उभी केली.

बाकीचे पोर्ट (एकेका अँटेनाची जोडणी) टर्मिनेट करून, म्हणजे लोड लावून बंद करून, एकेक मोजला: पन्नाशीच्या आसपास. सोळाही जोडून बीम सरळ वर ठेवला: ७०. तोच बीम ४५ अंशांनी कलवला: नव्वदीच्या घरात. एक स्क्रूही हलवला नव्हता, फक्त फेज बदलले होते.

कारण असं, की एलएनएचा थोडा नॉइज उलट्या दिशेने, इनपुटमधून अँटेनावाटे बाहेर पडतो आणि कपलिंगमुळे शेजारच्या अँटेनात शिरतो. चाळीत एका खोलीतलं भांडण शेजारच्या खोलीत ऐकू यावं, तसं. बीमफॉर्मर, म्हणजे सिग्नल एकत्र करणारा भाग, सगळ्यांची बेरीज करतो तेव्हा हा उसना नॉइज मूळ नॉइजमध्ये कधी भर घालतो, कधी त्यातून वजा होतो. ते फेजवर ठरतं. म्हणून एलएनए मॅच करायचा तो ॲक्टिव्ह इम्पीडन्सला (शेजारचे सगळे चालू असताना दिसणाऱ्या), सुट्या अँटेनाच्या इम्पीडन्सला नव्हे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ॲस्कॅप या रेडिओ दुर्बिणीच्या ३६ डिशेसवर १८८ पोर्टचे ॲरे बसवताना हाच हिशेब करावा लागला. इतके एलएनए थंड करणं सोपं नसतं. तिथले ॲरे क्रायोजेनिक थंडाव्याशिवायच चालतात, म्हणून मॅचिंगमधून सुटणारा एकेक केल्विन मोलाचा.

आम्ही इनपुटचं मॅचिंग नेटवर्क त्या हिशेबाने बदललं. सरळ बीम साठीच्या जवळ उतरला, कललेला सत्तरीत आला. सुट्या पोर्टचे आकडे मात्र आधीपेक्षा वाईट झाले. रिपोर्टमध्ये दोन्ही तक्ते आहेत. पोर्टचा तक्ता तेवढा वेगळा पाठवा म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो.