गार्सिया म्हटलं की तिघं उठतात

अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला येऊन आम्हाला चार वर्षं होतील आता. इथल्या औषधाच्या दुकानात पहिल्या आठवड्यातच कळलं की काउंटरवरून "गार्सिया!" अशी हाक आली की एक नाही, तिघं उठतात, मग ती पोरगी जन्मतारीख विचारते आणि दोघं परत जाऊन बसतात. कोल्हापुरात "पाटील" म्हणून हाक मारून बघा, तसंच.

सहज शोधलं तर २०१० च्या जनगणनेत अमेरिकेत ११,६६,१२० गार्सिया, म्हणजे स्मिथ, जॉन्सन वगैरे मंडळींच्या मागोमाग सहावा नंबर! १९९० ला हेच आडनाव अठरावं होतं. शंभर गार्सियांतले ब्याण्णव हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले), उरलेल्यांत फिलिपिनो पण आले, कारण तिथे स्पेनचं राज्य होतं आणि १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची यादीच छापून गावोगाव वाटली होती, घ्या यातलं एकेक. (सरकारी कामाची सोय, दुसरं काय.) खुद्द स्पेनमध्ये तर हे एक नंबरचं आडनाव, १४ लाखांच्या वर लोक.

गंमत म्हणजे मुळात हे आडनाव नव्हतंच, पाळण्यातलं नाव होतं. उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या जुन्या राजांत गार्सिया नावाचे कितीतरी सापडतात. आणि लांब कशाला जायचं, पणजीच्या म्युनिसिपल गार्डनला ज्याचं नाव आहे तो गार्सिया द ऑर्ता, १५३४ मध्ये गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य, त्याचं पण ते पहिलंच नाव. मी त्या बागेत बसून शेंगदाणे खाल्लेत आणि इतकी वर्षं ते आडनावच समजत होते. शब्द बहुतेक तिकडच्याच डोंगराळ भागातल्या बास्क भाषेतला, कोणी 'अस्वल'शी जोडतं, कोणी 'तरुण'शी. आमच्या शेजारच्या गार्सिया काकूंना विचारलं तर म्हणाल्या अस्वलच असणार, माझ्या नवऱ्याला बघितलंयस ना.

काकूंचं प्रकरण अजून भारी आहे. त्या मेक्सिकोतून आलेल्या, तिकडे स्पॅनिश रीतीने दोन आडनावं लावतात, आधी वडलांचं मग आईचं, आणि लग्न झालं म्हणून बाई आपलं आडनाव बदलत नाही. काकूंचे वडील पण गार्सिया, आई पण गार्सिया, म्हणून त्या गार्सिया गार्सिया. इथल्या एका क्लिनिकच्या कॉम्प्युटरला वाटलं दोनदा टाइप झालंय, एक उडवलं, आणि वर्षभर दुसऱ्याच कुणा गार्सियाबाईचे शुगरचे रिपोर्ट काकूंच्या फाइलीत! काकू म्हणे, चांगले होते गं रिपोर्ट, मी गोड सोडलंच नाही.

आपण सगळे ज्यांना नुसतं मार्केझ म्हणतो त्या कोलंबियाच्या कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझचं पण तेच, मार्केझ हे आईकडचं, वडलांचं आडनाव गार्सिया. पोर्तुगीजांत क्रम उलटा, आईचं आधी.

परवा काकूंनी माझं पूर्ण नाव लिहून मागितलं. लिहिलं. मधलं बघून म्हणाल्या हे कोणाचं, म्हटलं नवऱ्याचं. शेवटचं? त्याच्याच घराण्याचं. आणि लग्नाआधीचं? तेव्हा मधे वडलांचं, शेवटी पण त्यांचंच. काकूंनी चष्मा वर केला, कागद उलटा करून मागची बाजू पण बघितली. "आणि तुझी आई?"