कुरोकावा ओन्सेन : डोंगरातल्या दोन शांत रात्री

नोव्हेंबरच्या अखेरीस मी आणि माझे यजमान जपानच्या क्युशू बेटावरील कुरोकावा ओन्सेन या गावी दोन रात्री राहून आलो. ओन्सेन म्हणजे भूगर्भातून येणाऱ्या गरम पाण्याचे स्थान आणि र्योकान म्हणजे तेथील पारंपरिक निवासगृह. आम्ही निवडलेले र्योकान केवळ प्रौढांसाठी होते. पन्नाशी ओलांडलेल्या, गर्दीच्या सहलींना कंटाळलेल्या आणि जपानला जाण्याचा विचार करणाऱ्या वाचकांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

कुरोकावा हे कुमामोतो प्रांतातील मिनामीओगुनी या नगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर, एका अरुंद नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले आहे. जवळपास रेल्वे नाही. फुकुओकाहून थेट बस जाते, तिला सुमारे अडीच ते तीन तास लागतात आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. दिवसभरात मोजक्याच फेऱ्या असल्यामुळे विमान आणि बस यांत पुरेसे अंतर ठेवावे. मोठ्या बॅगा मात्र येथे आणू नयेत. गावात चढ-उतार आणि दगडी पायऱ्या आहेत. जपानमधील घरपोच सामान पोहोचवणाऱ्या सेवेने आम्ही आमच्या बॅगा पुढच्या मुक्कामाच्या हॉटेलवर रवाना केल्या आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवरच्या पिशवीत घेतले. र्योकानला बसची वेळ आधी कळवली होती, त्यामुळे थांब्यावर गाडी घ्यायला आली.

या गावाची शांतता आपोआप आलेली नाही, हे तेथे गेल्यावर उमगते. एके काळी कुरोकावाकडे फारसे कोणी फिरकत नसे. तेथील शिनमेइकान या र्योकानचे गोतो तेत्सुया यांनी छिन्नी-हातोड्याने डोंगर फोडून गुहेतले स्नानकुंड घडवले आणि आवारात शोभेच्या झाडांऐवजी रानातली झाडे आणून लावली. इतरांनीही हळूहळू तोच मार्ग धरला. दोन र्योकानांकडे उघड्यावरचे कुंड बांधायला जागाच नव्हती, तेव्हा त्यांचे नुकसान होऊ नये म्हणून १९८६ मध्ये सर्वांनी मिळून लाकडी परवान्याची पद्धत सुरू केली. हा परवाना घेतला की पाहुण्याला कोणत्याही तीन ठिकाणी स्नान करता येते. पुढे प्रत्येकाने आपापल्या जाहिरातीच्या पाट्या काढून टाकल्या आणि एकसारख्या साध्या लाकडी पाट्या लावल्या. सारे गाव म्हणजे एकच र्योकान, रस्ते म्हणजे त्याचे व्हरांडे आणि प्रत्येक निवासगृह म्हणजे त्यातली एकेक खोली, असे तेथील लोक मानतात. शेजाऱ्याच्या धंद्याची काळजी घेऊन आपलाही धंदा वाढवणारी ही माणसे मला फार आदरणीय वाटली.

आरक्षणाबाबत काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. दर खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात बहुधा रात्रीचे व सकाळचे जेवण धरलेले असते, त्यामुळे संकेतस्थळावर दिसणारा आकडा दोघांसाठी दुप्पट होतो का, हे नीट वाचून घ्यावे. प्रौढांसाठी राखलेल्या ठिकाणी वयाची अट निरनिराळी असते, त्यामुळे शाळकरी मुले बरोबर असतील तर पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. ही अट मला तुसडेपणाची वाटली नाही. खोल्यांमधल्या भिंती पातळ, कुंडाकाठचे दगड निसरडे आणि कठडा नसलेले, आणि जेवण दीड-दोन तास चालणारे, अशा जागी लहान मुलांचीच कुचंबणा होते. त्यांना घेऊन जायचे असेल तर कुटुंबांचे आनंदाने स्वागत करणारी र्योकाने याच गावात आहेत.

दुपारी तीनला प्रवेश मिळतो आणि तेव्हाच पोहोचावे, कारण उशिरा गेल्यास सगळी संध्याकाळ घाईत जाते. दारात पादत्राणे काढायची, तातामीच्या चटईवर स्लिपरसुद्धा घालायची नाही, शौचालयातली स्लिपर शौचालयातच ठेवायची, या गोष्टी मराठी घरात वाढलेल्या माणसाला शिकवाव्या लागत नाहीत. खोलीतील चित्राच्या व फुलांच्या कोनाड्यात मात्र सामान ठेवू नये. तो आपल्या देवघराइतकाच जपला जातो. खोलीत युकाता हा सुती अंगरखा ठेवलेला असतो. त्याची डावी बाजू उजव्या बाजूवर आली पाहिजे, कारण उलट बाजू मृत व्यक्तीला नेसवताना वापरतात. आमच्या खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी गुडघ्यांवर बसून चहा दिला, जेवणाची वेळ विचारली आणि त्या इतक्या हळू निघून गेल्या की दार सरकल्याचेही कळले नाही. बक्षिसी देण्याची तेथे रीत नाही.

आता स्नानाविषयी. माझे माहेर संगमेश्वर तालुक्यातले, त्यामुळे तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडे आणि तो गंधकाचा वास मला लहानपणापासून परिचित आहे. परंतु तेथे आपण अंगावर वस्त्र ठेवून उतरतो. ओन्सेनमध्ये पोहण्याचा पोशाखदेखील चालत नाही. स्त्रिया आणि पुरुष यांची कुंडे बहुधा वेगळी असली, तरी अनोळखी स्त्रियांसमोर विवस्त्र होण्याच्या कल्पनेने मी घरून निघाल्यापासून अस्वस्थ होते. प्रत्यक्षात आत तीन जपानी बायका होत्या. त्यांतल्या एका वयस्कर बाईंनी मान किंचित लववली आणि पुन्हा डोळे मिटले. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, आणि काही क्षणांतच मलाही माझ्याकडे पाहण्याची गरज उरली नाही. एवढे करूनही संकोच वाटत असेल, तर तासाभरासाठी केवळ आपल्यापुरते मिळणारे खासगी कुंड घ्यावे. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी तेच केले होते.

कुंडात उतरण्यापूर्वी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने संपूर्ण अंग धुवावे आणि साबणाचा अंशही राहू देऊ नये. कुंड अंग धुण्यासाठी नसते, शेकण्यासाठी असते. लांब केस वर घट्ट बांधावेत, लहान टॉवेल पाण्यात बुडवू नये, फोन आत नेऊ नये. पाणी बहुधा एकेचाळीस-बेचाळीस अंशांचे असते आणि पहिल्या वेळी दहा मिनिटे पुरेशी होतात. माझ्या यजमानांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यामुळे आम्ही निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले होते. तसे प्रत्येकाने विचारावे, आणि भरल्या पोटी किंवा मद्य घेऊन कुंडात जाऊ नये. अंगावर गोंदवलेले असेल तर काही ठिकाणी प्रवेश नाकारतात. आपल्याकडच्या आजीच्या हातावरचे गोंदणही त्यांना तसेच दिसेल, म्हणून आधी विचारणे बरे. विवाहित भगिनींना एक खास सूचना अशी की, चांदीची जोडवी आणि पैंजण खोलीतच काढून ठेवावेत. मी जोडवी काढायला विसरले आणि गंधकाच्या पाण्याने ती अर्ध्या तासात काळी पडली.

जेवणाबाबत शाकाहारी वाचकांनी सर्वाधिक सावध असावे. कुमामोतोची ख्याती घोड्याच्या कच्च्या मांसासाठी आणि तांबड्या गाईच्या मांसासाठी आहे, आणि र्योकानच्या पंगतीत हे पदार्थ मोठ्या मानाने वाढले जातात. ते वगळले तरी प्रश्न सुटत नाही, कारण बहुतेक भाज्या आणि सूप दाशी नावाच्या रश्श्यात शिजतात आणि दाशी बहुधा सुकवलेल्या माशाच्या कापांची असते. आम्ही आरक्षणात केवळ ‘शाकाहारी’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे पहिल्या रात्री आमच्यापुढे मासे नसलेले पण माशाच्या रश्श्यातले जेवण आले. चूक आमची होती, तरीही मालकीणबाईंनीच क्षमा मागितली आणि दुसऱ्या रात्री कोंबू हे समुद्रशेवाळ व शिताके अळिंबी यांच्या दाशीत सगळे नव्याने रांधून घेतले. तेव्हा किमान आठवडाभर आधी, जपानी भाषेत, मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी चालत नाही, परंतु कोंबू-शिताकेची दाशी चालते, असे एकेक नाव घेऊन कळवावे. ऐन वेळी सांगणे हा स्वयंपाक्याचा अवमान ठरतो. दुसऱ्या रात्रीचे ते जेवण, त्यातले कोमट टोफू, भाजलेली कमळकाकडी आणि शेवटी आलेला साधा भात, माझ्या कायम आठवणीत राहील.

जेवून परत येईपर्यंत खोलीत फुतोनच्या गाद्या अंथरलेल्या होत्या. रात्री जाग आली तेव्हा नदीच्या पाण्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. पहाटे पाचला मी एकटीच उघड्यावरच्या कुंडावर गेले. हवेत बोचरी थंडी होती, पाण्यावर वाफ दाटली होती आणि वरून मेपलचे एक पान येऊन पाण्यावर थांबले. या प्रहरी कुंड बहुधा रिकामे असते, त्यामुळे नवख्या व्यक्तीने पहिले स्नान याच वेळी घ्यावे. रात्रीतून स्त्री-पुरुषांच्या कुंडांची अदलाबदल अनेक ठिकाणी करतात, म्हणून दारावरचा पडदा पुन्हा पाहूनच आत शिरावे.

शक्य असेल तर दोन रात्री राहावे. एका रात्रीत माणूस नियम पाळण्यातच गुंतून पडतो. आमचा मधला दिवस पूर्ण मोकळा होता. तेव्हा १५०० येनांना स्थानिक सुगी वृक्षाचा तो लाकडी परवाना घेतला आणि युकातावर जाड कोट चढवून तीन कुंडे पाहिली. दिवसभरात तीनच्या वर स्नाने केल्यास थकवा येतो. परवाना सहा महिने चालतो, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. दुकाने लवकर बंद होतात, म्हणून रोख येन फुकुओकालाच काढून आणावेत. स्नानाचा माणशी छोटा कर निघताना वेगळा भरावा लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला खोली सोडली. गावाच्या मध्यावर जिझो या बौद्ध देवतेचे एक छोटे मंदिर आहे, तेथे लोकांनी आपापले वापरून झालेले परवाने बांधून ठेवले आहेत. यजमानांनी त्यांचा तेथे बांधला. माझा मी पिशवीत ठेवला आणि आम्ही बसथांब्याकडे निघालो.