सूर्य होता, लाइट नव्हती

ब्रोकन हिल या ऑस्ट्रेलियातल्या खाणींच्या शहराला बाहेरून येणारी वीज एकाच वाहिनीवरून येते. दक्षिणेला बुरोंगा नावाचं ठिकाण आहे. तिथून निघालेली २२० किलोव्होल्टची ही वाहिनी अडीचशे किलोमीटरांहून जास्त लांब, लाल मातीच्या ओसाड माळावरून ब्रोकन हिलपर्यंत येते आणि तिथेच संपते. पुढे काही नाही. १७ ऑक्टोबर २०२४ च्या वादळात या वाहिनीचे सात मनोरे आडवे झाले आणि शहरासकट सगळा परिसर अंधारात गेला.

मी ॲडलेडला एका कंत्राटदार कंपनीत प्रोटेक्शन इंजिनिअर आहे, म्हणजे बिघाड झाला की वीजयंत्रणा सुरक्षित बंद पडावी हे बघणारा. तिथल्या सौर प्रकल्पात पॅनलच्या डीसी विजेची एसी करणारे इन्व्हर्टर आहेत. त्यांच्या वार्षिक देखभालीसाठी त्या आठवड्यात नेमका ब्रोकन हिलला होतो. मोटेलमध्ये रात्रीच पंखा बंद पडला होता, पण वादळात लाइट जाणं यात मला विशेष ते काय वाटणार! सकाळी नेहमीसारखे साइटवर गेलो.

शहराच्या नैऋत्येला १४० हेक्टरवर हा ५३ मेगावॉटचा सौर प्रकल्प पसरलाय. २०१५ च्या अखेरीस तो पूर्ण झाला. साडेसहा लाखांच्या आसपास पॅनल, सगळी एकाच कोनात बसवलेली आणि तोंडं उत्तरेला. आपल्याकडे पॅनल दक्षिणेला बघतात, त्यामुळे इथे पहिल्यांदा आलेला भारतीय इंजिनिअर हमखास क्षणभर दिशा चुकतो. वादळाने हवा धुऊन निघाली होती, आकाशात ढगाचं नाव नव्हतं. सौर प्रकल्पाला याहून चांगली सकाळ मिळत नाही.

इन्व्हर्टरच्या केबिनमध्ये शिरलो तर तिथली शांतता कानाला खटकली. चालू इन्व्हर्टरची एक गुणगुण असते, वर कूलिंग फॅनचा घोंघाट. त्यातलं काहीच नाही. बॅटरीवर चालणारा कंट्रोल पॅनल तेवढा जिवंत होता. डीसी बाजूला आठशेच्या वर व्होल्ट, एसी बाजूला शून्य, आणि खाली लाल अक्षरांत ‘ग्रिड नाही’, म्हणजे बाहेरचं वीजजाळं बंद, अशा अर्थाचा अलार्म. पॅनल वीज द्यायला तयार होती, घ्यायला कोणी नव्हतं. माझ्याबरोबरचा पोरगा नवीन होता. तो म्हणाला, “ब्रेकर टाकून बघूया का?” म्हटलं, हात खिशात घाल आणि बाहेर हो.

तेवढ्यात कऱ्हाडहून बाबांचा फोन. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या अजून तग धरून होत्या. तिकडे पहाटेचे सहा वाजत होते. बातमी माझ्या बायकोने त्यांना कळवली होती.

“अरे, एवढं सोलार आहे ना तिथे? मग लाइट कशी गेली?”

बाबा वीज मंडळातले. कोयनेच्या पोफळी जलवीजगृहात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे हा प्रश्न भाबडा नव्हता, परीक्षकाचा होता. मी सांगायला लागलो, की आमचे इन्व्हर्टर ग्रिडच्या मागे चालणारे आहेत, ग्रिडवरचा व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची लय बघून ते स्वतःचा करंट त्यात मिसळतात...

“म्हणजे टाळकरी,” बाबा मध्येच म्हणाले. “पखवाजवाला आला नाही तर शंभर टाळकरी असून उपयोग नाही. ठेका कोण धरणार?”

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. जनरेटरचा अवजड रोटर गरागरा फिरत असतो, त्याच्या फिरण्यातून लय ठरते आणि भार अचानक वाढला-घटला तरी ती चटकन ढळत नाही. बहुतेक सौर आणि पवन प्रकल्पांतले इन्व्हर्टर ती लय स्वतः तयार करत नाहीत. ती सापडली नाही तर क्षणार्धात बंद होतात. त्यांनी बंद व्हावं असाच नियम आहे. नाहीतर मेलेली समजून लाइनमनने तार धरावी आणि कुठल्या तरी सौर प्रकल्पातून तीत वीज सोडलेली असावी. घराच्या छतावरच्या सोलारलाही हाच नियम. छोट्या जनरेटरवर चालणाऱ्या गावात तर छतांवरून आपापल्या मर्जीने येणारी वीज उलट डोकेदुखी ठरते, कारण दुपारी तिच्यामुळे जनरेटरवरचा भार इतका उतरतो की त्याला तोल सांभाळणं जड जातं.

ब्रोकन हिलचा हिशेब मांडला तर हसावं की रडावं कळत नाही. आमचा प्रकल्प ५३ मेगावॉटचा. पलीकडे सिल्व्हरटनच्या डोंगरांवर ५८ पवनचक्क्या, जवळपास २०० मेगावॉट. शहरात ५० मेगावॉटची नवी कोरी बॅटरी. शहर आणि खाणी मिळून लागणारी वीज या बेरजेपुढे किरकोळ. बॅटरीत तर स्वतः ठेका धरण्याचं तंत्र होतं. पण शहर तुटून एकटं पडलं तर ते तिने चालवावं, यासाठी लागणारी जुळवणी, चाचण्या आणि मंजुरी आधी झालेली नव्हती. आणीबाणीसाठी डिझेलवर चालणारी २५-२५ मेगावॉटची दोन टर्बाइन होती. त्यातलं एक दुरुस्तीसाठी बंद होतं. दुसरं सुरू झालं, पुढे काही दिवसांनी तेही बंद पडलं.

“मुंबईत पण हेच झालं होतं,” बाबा म्हणाले. १२ ऑक्टोबर २०२० ची गोष्ट. बाहेरचं ग्रिड कोसळलं तरी मुंबईने बेटासारखं वेगळं होऊन चालू राहावं, अशी व्यवस्था तिथे १९८० च्या दशकापासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. “बेट करायचं कागदावर सोपं असतं. आमच्याकडे पाणी तरी होतं. डिझेलचा छोटा जनसेट लावायचा, गेट उघडायचं, टर्बाइन फिरवायचं. तू उन्हाला कसा स्टार्टर मारणार?” एवढं बोलून त्यांनी, जेवलास का, विचारलं आणि फोन ठेवला. दुपारनंतर नेटवर्कही गेलं.

साइटवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कंट्रोल रूमकडून एकच उत्तर येत होतं, थांबा. आमच्या सुपरवायझरने सगळ्यांना गाडीत घातलं आणि शहरात आणलं. साठीच्या पुढचा हा माणूस तिसऱ्या पिढीचा ब्रोकन हिलकर. आजोबा खाणीत, वडील खाणीत, हाही वीस-बावीस वर्षं जमिनीखाली. पुढे खाणीतली भरती आटली, तशी प्रकल्पाच्या बांधकामावर लागला. अशा दिवशी हा माणूस वैतागेल असं मला वाटलं होतं. तो उलट खुशीत होता.

शहराच्या रस्त्यांची नावं वाचली की रसायनशास्त्राचा तास आठवतो. अर्जेंट म्हणजे चांदी, मग ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड, आयोडाइड. १८८३ मध्ये चार्ल्स रास्प नावाच्या मेंढवाड्यावरच्या कुंपणराख्याने इथल्या काळ्याकभिन्न कड्याचे तुकडे उचलले. त्याला वाटलं कथील. निघालं शिसं, चांदी आणि जस्त, जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. १८८५ मध्ये त्यातून ब्रोकन हिल प्रोप्रायटरी ही कंपनी उभी राहिली. आज बीएचपी म्हणून जगभर ओळखली जाणारी खाणकंपनी ती हीच. तिच्या नावातला ‘बी’ आणि ‘एच’ या गावाचा. मात्र तिने १९३९ मध्येच इथून मुक्काम हलवला. गाव राहिलं.

त्या दुपारी अर्जेंट स्ट्रीटवर कार्ड मशिनं बंद होती. रोख पैसे खिशात असलेला माणूस एकदम श्रीमंत झाला होता. एका खाटकाने दुकानाबाहेर गॅसची शेगडी मांडली होती आणि फ्रीजरमधलं मटण वितळायच्या आत तो येणाऱ्या-जाणाऱ्याला भाजून देत होता. त्याच्यासमोरच्या रांगेत उभे असताना सुपरवायझर मला शहराचा पाण्याचा इतिहास सांगत होता. सुरुवातीला पाणी नव्हतं म्हणून माणसं टायफॉइडने मेली. नंतर धरण झालं, तेही आटायचं. दुष्काळात पाणी रेल्वेने आणावं लागलं. १९५० च्या दशकात मेनिंडीच्या तलावांवरून पाइपलाइन आली, तेव्हा गावकऱ्यांना हायसं वाटलं. मग तलावच कोरडे पडायला लागले. आता २७० किलोमीटरवरच्या मरे नदीचं पाणी येतं. “इथे सगळं एकाच दोरीवर लटकतं,” तो म्हणाला. “पाणी एका पाइपवर, वीज एका तारेवर. दोरी तुटली की मग सिडनीला आम्ही आठवतो.”

सिडनीचं आणि यांचं फारसं सख्य नाही. राज्य न्यू साउथ वेल्सचं, पण गावातली घड्याळं चालतात ॲडलेडच्या वेळेवर. सिडनीहून थेट रेल्वे यायला १९२७ उजाडलं. तोवर सगळा माल दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीला जायचा, तिथे शिसं गाळलं जायचं. त्याही आधी ओझी वाहायला उंट होते. १८६६ मध्ये कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांचे हाकारे जहाजाने पोर्ट ऑगस्टाला उतरले, आणि पुढची काही दशकं हा ओघ चालू राहिला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे तू पहिला नाहीस.” त्या उंटवाल्यांची पत्र्याची छोटी मशीद अजून गावाच्या उत्तरेला आहे.

संध्याकाळ व्हायला वेळ होता म्हणून तो मला टेकडीवर घेऊन गेला. टेकडी कसली, खाणीतून काढलेल्या मालाचा शहराच्या मधोमध पडलेला ढीग. वर गंजलेल्या पोलादाचं स्मारक आहे आणि आत काचेवर खाणीत मेलेल्या आठशेहून जास्त माणसांची नावं. प्रत्येकासमोर मरणाचं कारण. दगड कोसळून. शाफ्टमध्ये पडून. स्फोटात. शिशाच्या विषबाधेने. याच माणसांच्या सोबत्यांनी १९१९ मध्ये संप पुकारला. तो अठरा महिने चालला आणि त्यातून आठवड्याला ३५ तासांचं काम पदरात पडलं. १९२० मध्ये! मी आजही ३८ तास भरतो.

सुपरवायझरने ढिगाकडे बोट केलं. “सुरुवातीला चांदी-शिसं काढून घ्यायचे आणि जस्त या गाळात फेकून द्यायचे. वेगळं करता येत नव्हतं.” विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथेच फ्लोटेशनची पद्धत विकसित झाली. खनिजाचं पीठ पाण्यात घोळायचं, तेल घालून हवेने फेस काढायचा, की धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि दगड खाली बसतो. टाकाऊ ढिगांतून जस्त निघायला लागलं आणि त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या. आज जगभरात तांबं-शिसं-जस्त याच तत्त्वावर काढतात.

इथे मला माझ्या कामाचं काहीतरी सांगायची संधी मिळाली. आमच्या प्रकल्पातली पॅनल सिलिकॉनची नाहीत, फर्स्ट सोलर या कंपनीची कॅडमियम टेल्युराइडची आहेत. काचेवर त्याचा पातळ थर असतो. आणि कॅडमियमची वेगळी खाण नसते. ते जस्ताच्या खनिजात मिसळलेलं असतं, जस्त शुद्ध करताना बाजूला निघतं. टेल्युरियम तसंच तांब्याच्या शुद्धीकरणातून. नेमकं या पॅनलमधलं कॅडमियम कुठल्या खाणीचं, ते कोणी छापत नाही. पण जस्ताची खाण नसती तर हे पॅनल नसतं, एवढं खरं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, “म्हणजे मी वीस वर्षं तुमचा कच्चा माल काढत होतो आणि मला कोणी सांगितलं नाही.”

टेकडीवरून शहराभोवतीचा हिरवा पट्टा दिसतो. खाणींसाठी झाडं तोडल्यामुळे धुळीने शहराचं जगणं नकोसं केलं होतं, तेव्हा आल्बर्ट मॉरिस या माणसाने १९३६ पासून कुंपणं घालून गुरं-ससे बाहेर ठेवले आणि इथलीच झुडपं पुन्हा उगवू दिली. पॅनलवर बसणाऱ्या धुळीचा पगार मी घेतो, तेव्हा त्या माणसाबद्दल मला जरा जास्तच आदर आहे.

पुढचे दिवस गावाने कसेबसे काढले. ट्रकवरून जनरेटर आले, वीज येत-जात राहिली, आणि ऑक्टोबर संपता संपता तात्पुरते मनोरे उभे करून वाहिनी जोडली गेली. नंतर पेपरांत ‘नवीकरणीय ऊर्जा फसली’ अशी ओरड झाली. मला ती अर्धवट वाटते. सौर प्रकल्पाने करायला सांगितलेलं काम चोख केलं. तुटलेलं शहर सांभाळायचं काम त्याच्याकडे कोणी सोपवलंच नव्हतं, त्याचे पैसेही कोणी मोजले नव्हते. यंत्रं हजर होती, करार नव्हते. हे वाक्य मी आमच्या अहवालात घातलं होतं, वरच्या साहेबांनी ते गाळलं.

आता तिथल्या पोटोसी खाणीत हायड्रोस्टोर ही कॅनडाची कंपनी सुमारे सहाशे मीटर खोल गुहा खोदून तिच्यात दाबलेली हवा साठवणार आहे. २०० मेगावॉट, आठ तास पुरेल इतकी साठवण, आणि वाहिनी तुटली तर शहराला आधार. वीज लागेल तेव्हा ती हवा खरोखरची अवजड टर्बाइन फिरवेल, म्हणजे ठेका धरणारं कोणी तरी गावात असेल. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने मंजुरी दिली. मी बाबांना सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, “स्टार्टिंगला बाहेरची वीज लागते का?” बघून सांगतो म्हटलं.

सुपरवायझरला फोन केला तर त्याचे प्रश्न वेगळे. गुहेतला दाब कायम ठेवायला वरच्या तळ्यातून पाणी सोडतात ना, मग ते पाणी कुठलं? म्हटलं, एकदा भरलं की तेच खाली-वर फिरत राहतं. बरं, म्हणाला. मग जमिनीखाली माणसं किती घेणार? आणि त्यांची युनियन कोणती?