अडीच फुटी बोळातलं पागोळ्यांचं पाणी: पहिला पावसाळा

छपरावरचं पावसाचं पाणी कुंड्यांसाठी साठवायचं होतं, पण ड्रमचा विचार टेप लावल्याबरोबर सोडला. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराशेजारचा बोळ जेमतेम अडीच फूट, आणि मागच्या स्वयंपाकघरात गॅसचा सिलिंडर जातो तो तिथूनच. म्हणून पाणी उभं साठवलंय: 160 मिमीचे चार पीव्हीसी पाइप, अडीच मीटर उंच, तळाला एंडकॅप (बंद बूच), भिंतीला क्लॅम्प. एकात साधारण 44 लिटर, चारांत मिळून पावणेदोनशे. सियागंज बाजारातून आणलेलं सामान बघून प्लंबर म्हणाला, "भिया, इत्ते में तो बड़ी टंकी आ जाती." खरंय, लिटरमागे हे महागच पडतं. टंकी ठेवायची कुठे, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

वरचा पत्रा 16 चौरस मीटरचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. शिंतोडे आणि गळती वजा जाता 14 मिमीच्या सरीत चारही पाइप काठोकाठ. माळव्यातला पाऊस मनावर घेतो तेव्हा एवढं अर्ध्या तासात पडतं. इंदूरचा वर्षाचा पाऊस 900 मिमीच्या वर, म्हणजे या एवढ्याशा पत्र्यावरूनही चौदा हजार लिटर वाहतं. ते उन्हाळ्यासाठी साठवायची भाषा बोळवाल्यांनी करूच नये. आपला उपयोग उघडिपीपुरता. आणि छज्ज्याखालच्या कुंड्यांसाठी, ज्या भर श्रावणातही कोरड्याच असतात!

पहिलं पाणी वेगळं काढायला 110 मिमीचा पावणेदोन मीटरचा पाइप पन्हळीखाली लावलाय, आत प्लॅस्टिकचा चेंडू. पाइप भरत आला की चेंडू तरंगत वर येऊन रिड्यूसरच्या (वरच्या निमुळत्या जोडाच्या) तोंडात बसतो आणि पुढचं पाणी साठ्याकडे वळतं. तळाला बारीक भोक, त्यातून तो आपोआप रिकामा होतो. मृगाच्या सरीला त्यातून निघालं ते चहाच्या रंगाचं पाणी, कडुनिंबाच्या काड्या आणि कबुतरांची कृपा. साठ्याच्या तोंडांवर नायलॉनची जाळी ताणून बांधली आहे. डासांच्या बाबतीत हयगय नको.

आता सिंचन. बाजारातले ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) साधारण एक किलो दाबाचे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो. आमच्याकडे पाइप भरलेले असताना पाव किलो, आणि पाणी उतरेल तसा तोही कमी. म्हणून ड्रिपर न लावता नुसती 4 मिमीची मायक्रोट्यूब, म्हणजे बारीक नळी, वापरली. गंमत तिच्या लांबीत आहे. नळी लांब ठेवली तर घर्षण जास्त, पाणी कमी. जवळच्या मोगऱ्याला हातभर नळी गुंडाळून दिली, टोकाच्या पुदिन्याला वीतभर. कात्रीने थोडं थोडं कापत प्रत्येक कुंडीखाली वाटी धरून जुळवलं.

सगळ्यात खूश अनंताचं झाड. बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्याने त्याची पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या. नवी पालवी आता गर्द येतेय. कुंड्यांवरचा पांढरा थरही वाढायचा थांबलाय. शिवाय नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर लांबून चढवत आणलेलं नळाचं पाणी पुदिन्यावर ओतताना जरा लाजच वाटायची.

उरलं ओव्हरफ्लोचं काम. ते पाणी सध्या गटारात जातं. शेजारच्या काकू त्यांच्या जास्वंदीच्या वाफ्यात घ्यायला तयार आहेत, पण त्यांच्या भिंतीवर पाइप दिसता कामा नये, ही अट. फरशीखालून 32 मिमीचा पाइप पुरेल का, की 50 चाच घ्यावा? कोणी घातला असेल तर उतार किती ठेवला ते सांगा.