गव्हाच्या बर्बनला जास्त पैसे मोजावेत का?

बर्बन या अमेरिकन व्हिस्कीमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते. फरक पडतो तो सोबतच्या धान्याने, कारण राय या धान्याऐवजी गहू घातला की तिखटपणा ओसरून चव मऊ, गोडसर होते, आणि धान्याने चव कशी पालटते हे ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेल्या मराठवाड्यातील माणसाला वेगळे सांगायला नको. मेकर्स मार्क या गव्हाच्या बर्बनसाठी जास्त पैसे देणे मला मनापासून पटते. पॅपी व्हॅन विंकल या दुसऱ्या गव्हाच्या बर्बनची किंमत मात्र दुर्मीळतेची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरील आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणले, तरी छत्रपती संभाजीनगरात बाटली घेताना आपण करांचाही मोठा भार उचलतो. म्हणून गव्हाची बर्बन सावकाश, नुसती पिणाऱ्यानेच घ्यावी, कोला मिसळणाऱ्याने नव्हे.