तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्याशा गाडीत दोघं राहता कसे?

निवृत्तीनंतर मोटरहोममध्ये, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेल्या गाडीत, महिनोन्महिने राहणाऱ्या जोडप्यांना हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि आम्हालाही. पाठोपाठ दबक्या आवाजात दुसरा येतो : खटके उडत नाहीत का? उत्तराची सुरुवात आम्ही संडासाच्या कॅसेटपासून, म्हणजे त्याखालच्या, बाहेर ओढून रिकाम्या करायच्या मैल्याच्या टाकीपासून, करतो. ऐकणाऱ्याला ते विषयांतर वाटतं. पण सहा-सात मीटर लांबीच्या गाडीत दोन माणसांचं बिनसतं ते जागेवरून क्वचितच. अंगाला साबण लावल्यावर पाणी संपतं, पहाटे हीटर बंद पडतो, कॅसेट भरल्याचा लाल दिवा भलत्या वेळी लागतो, आणि मग 'हे तू बघणार होतास', 'मला वाटलं तू बघितलंस' सुरू होतं. कशाचा साठा किती पुरतो हे दोघांनाही पाठ असेल तर ही वेळ येत नाही. म्हणून इथे थोडं तपशिलात सांगतो.

एका जागी किती दिवस राहता येईल हे सर्वांत आधी कॅसेट ठरवते. तिच्यात साधारण १७ ते २० लिटर मावतं. दोघं दिवसभर गाडीतच असतील तर ती दोन-तीन दिवसांत भरते. पूर्ण भरलेली कॅसेट वीस किलोच्या आसपास जाते आणि ती गुडघ्याच्या उंचीच्या दारातून वाकून ओढावी लागते. साठी ओलांडलेल्या कंबरेला हे काम वाईट. म्हणून लाल दिव्याची वाट न बघता अर्धी भरली की रिकामी करावी, म्हणजे दहा किलोच उचलावे लागतात. ओतताना नळीचं तोंड खाली वळवायचं आणि हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. ते दाबलं नाही तर आत हवा जात नाही, पाणी गटगट करत येतं आणि शिंतोडे पायावर उडतात. मग दोनदा खळखळून धुवायची, तळाशी दोनेक लिटर पाणी ठेवायचं आणि बाटलीवर लिहिलंय तेवढंच रसायन घालायचं.

वास येतो तो बहुतेक वेळा कॅसेटच्या झडपेभोवतीच्या रबरी सीलमुळे. ते कोरडं पडलं की चिरतं. त्याला सिलिकॉनचा स्प्रे लावावा. व्हॅसलीन किंवा स्वयंपाकाचं तेल लावू नये, त्याने रबर फुगतं आणि खराब होतं. ब्लीचही आत घालू नये, तेही सीलच खातं. घाट चढून उंचावर पोचल्यावर झडप उघडायची ती हळू, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो आणि आतली हवा जोराने वर येऊ शकते. रिकामी करायची ती नेमून दिलेल्या जागीच. पावसाच्या पाण्याच्या गटारात कधीही नाही. रसायन घातलेली कॅसेट सेप्टिक टँकमध्येही ओतू नये. तिथलं काम जिवाणू करतात आणि हे रसायन त्यांनाच मारतं.

पाण्याचं गणित याच्या खालोखाल. टाकी १०० लिटरची धरा. पिणं-स्वयंपाक ७-८ लिटर, भांडी तेवढंच, हात-तोंड धुणं ४, फ्लश ४-५, आणि दोघांच्या आंघोळी मिळून १२. म्हणजे दिवसाला सुमारे ३५ लिटर. टाकी तीन दिवसही पुरत नाही. सहा लिटरची आंघोळ जमते, पण अंग भिजवलं की नळ बंद, साबण लावून झाल्यावरच परत चालू, या शिस्तीत. नळ सोडून उभं राहिलं तर तेच पाणी पाचपट जातं. भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्यावीत. पाणी तर वाचतंच, शिवाय तेलकटपणा सांडपाण्याच्या टाकीत जात नाही. ती टाकी उन्हात तापली की मोरीतून वर येणारा कुबट वास याच तेलाचा असतो.

पाणी भरायची नळी स्वतःची आणि पिण्याच्या पाण्यासाठीचीच हवी. कॅसेट धुण्याच्या जागी टांगलेल्या नळीने टाकी भरायची नाही, ती कितीही स्वच्छ दिसली तरी. गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर टाकी निर्जंतुक करावी : १०० लिटर पाण्याला १०० मिलीलिटर साधं, बिनवासाचं, ५ टक्क्यांच्या आसपासचं सोडियम हायपोक्लोराइट. प्रत्येक नळ, गरम आणि थंड दोन्ही, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा, चारेक तास तसंच ठेवायचं, मग सगळं काढून टाकून वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने धुवायचं. फिल्टर असेल तर त्याआधी काढून ठेवायचा.

रात्री कुणी नळ उघडलेला नसताना पंप मधूनच घुर्र करून थांबत असेल, तर कुठेतरी जोड गळतोय किंवा पंपाची एकदिशा झडप गेली आहे. पंपाच्या तोंडाची जाळी काढून पाहायची, मग पाइपांचे जोड एकेक करून कोरड्या कागदाने पुसायचे. कागद ओला झाला तिथे गळती. झोपताना आणि बाहेर पडताना पंपाचं बटण बंद करण्याची सवय दोघांनाही हवी. जोड निसटला आणि पंप चालू राहिला तर अख्खी टाकी फरशीखाली जाते आणि तिथलं लाकूड कुजतं. थंडीत मात्र गाडीखाली पाणी दिसलं तर लगेच घाबरू नये. बऱ्याच बॉयलरांना असा व्हॉल्व्ह असतो, जो तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की आपोआप उघडतो आणि बॉयलर रिकामा करतो, म्हणजे आत बर्फ होऊन तो फुटत नाही. आतली जागा गरम केल्याशिवाय तो परत बंद करता येत नाही.

विजेबद्दल लोक सोलर पॅनल किती वॉटचं हे आधी विचारतात. आधी खर्च लिहून काढावा. कॉम्प्रेसरचा फ्रिज दिवसाला ३५ ते ४५ अँपिअर-अवर (बॅटरीतली वीज मोजायचं एकक) खातो, हीटरचा पंखा थंडीत १० ते १५, फोन-टॅबलेट १०, दिवे आणि पंप मिळून ६-७. बेरीज ७० च्या पुढेमागे. शिसे-आम्लाची १०० अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे वापरायला मिळतात ५०. एक दिवसही निघत नाही. तेवढ्याच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० ते ९० निघतात. पण ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून थंड प्रदेशात ती बाहेरच्या कप्प्यात न बसवता आत, सीटखाली बसवावी. छतावर सपाट बसवलेली २०० वॉटची पॅनलं उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ६० अँपिअर-अवरच्या आसपास देतात. दूर उत्तरेला ऐन हिवाळ्यात त्याचा पाचवा हिस्साही मिळणं कठीण. तिथे भरवसा इंजिनाचा : ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (चालत्या इंजिनाच्या विजेवर गाडीतली बॅटरी भरणारा) असेल तर तासाभराच्या प्रवासात जवळजवळ ३० अँपिअर-अवर परत येतात. इन्व्हर्टरवर विजेची किटली लावली तर एक लिटर पाण्याला नऊ-दहा अँपिअर-अवर जातात. दिवसातून चारदा चहा करणाऱ्यांनी पाणी गॅसवरच ठेवावं.

गॅसचं थोडक्यात. सिलिंडरात द्रवरूप ब्युटेन किंवा प्रोपेन असतो. ब्युटेन शून्याच्या जवळ वायू होणं थांबवतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत होतो. थंडीत सिलिंडर भरलेला असून शेगडी मिणमिणली तर कारण हेच. रेग्युलेटरवरचा दाबाचा काटा शिल्लक सांगत नाही, आतला द्रव संपेपर्यंत तो एकाच जागी राहतो. सिलिंडर तोलूनच शिल्लक कळते. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गळतीचा अलार्म जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपलेल्याच्या डोक्याच्या उंचीला. फरशीतली आणि छतातली हवेची भोकं गार वारा येतो म्हणून कुणी चिंध्यांनी बुजवू नयेत. ती जिवासाठी आहेत.

वजनाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं, याची आम्हाला खरोखर काळजी वाटते. गाडी पूर्ण सामानानिशी, टाक्या भरून, दोघं आत बसून एकदा वजनकाट्यावर न्यावी, आणि पुढचा ॲक्सल (चाकांच्या जोडीचा आस), मागचा ॲक्सल, एकूण असं तीनदा तोलावं. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर असतो, हे फार गाड्यांत सापडतं. त्याचं कारण तरफेत आहे. दोन ॲक्सलमध्ये ४ मीटर अंतर आहे आणि मागच्या ॲक्सलपासून अडीच मीटर मागे रॅकवर दोन मिळून ६० किलोच्या सायकली टांगल्या, तर मागच्या ॲक्सलवर ६० नव्हे तर सुमारे ९७ किलो वाढतात आणि पुढची चाकं ३७ किलोंनी हलकी होतात. पुढची चाकं हलकी म्हणजे ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल. जड सामान दोन ॲक्सलच्या मध्ये, खालच्या कप्प्यात. टायरचं वयही बघावं. कडेला चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण गाडी जास्त वेळ उभी आणि सदैव लादलेली असते. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांनी बदलून टाकावेत.

आता दोघांचं. गाडी निवडताना पलंगाच्या लांबीपेक्षा त्यावरून उतरायचं कसं हे बघा. आडवा, भिंतीला लावलेला पलंग असेल तर आतल्या बाजूच्या माणसाला रात्री दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागतं, आणि या वयात रात्री एकदा तरी उठावं लागतंच. दोन वेगळे उभे पलंग किंवा दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा मधला पलंग घ्यावा. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा, शिडीने चढायचा पलंग नातवंडांना द्यावा. नातवंडं येणार असतील तर झोपायच्या जागा मोजून थांबू नका. पट्टा असलेल्या सीट किती, हे वेगळं मोजा. चार जणांची झोपायची सोय आणि पट्टे दोनच, अशा गाड्या आहेत. त्यांत मुलांना मुक्कामी बोलवता येतं, प्रवासाला नेता येत नाही.

झोपेत दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा ते एक लिटर पाणी हवेत जातं. गाडी घट्ट बंद ठेवली तर ते काचांवर आणि गादीच्या खालच्या अंगाला जमतं. छताची खिडकी दोन बोटं उघडी, गादीखाली हवा खेळेल अशा पट्ट्या, आणि पुढच्या काचेला थंडीचा पडदा आतून न लावता बाहेरून. बाहेरून लावला की काच गार पडत नाही आणि ओल धरत नाही.

औषधांपैकी इन्सुलिनला जपावं लागतं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये मागच्या थंड धातूच्या पात्यांना टेकलेली वस्तू गोठू शकते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. ते दाराच्या कप्प्यात, थर्मामीटरसोबत ठेवावं. हा फ्रिज गाडी तिरकी उभी असेल तर नीट गार करत नाही, त्यामुळे मुक्कामी पोचल्यावर आधी पाणसळ लावून चाकांखाली रॅम्प घ्यायचे. पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी वर राहील असं बघायचं.

दिवसभर एकमेकांच्या पायात न येण्याची युक्ती साधी आहे : मधल्या वाटेत एका वेळी एकानेच उभं राहायचं. एक जण आवरत असताना दुसऱ्याने बाहेरची कामं उरकायची, किंवा पुढची फिरती सीट वळवून बसायचं. दोन स्वतंत्र वाचायचे दिवे आणि हेडफोनच्या दोन जोड्या या चैनीच्या वस्तू समजू नका. प्रवास दिवसाला दोन-तीन तासांचा ठेवा आणि मुक्कामाला उजेड असताना पोचा. अंधारात थकलेला ड्रायव्हर आणि मागे उभा राहून हातवारे करणारा जोडीदार यांच्यात जे बोललं जातं ते टाळता येतं. मागे घेताना खुणा ठरलेल्या हव्यात : दोन्ही हात वर म्हणजे थांब. आणि मागे उभा असलेला माणूस आरशात दिसेनासा झाला की विचार न करता ब्रेक.

निघताना एकाने आत, एकाने बाहेर बघायचं. आत छताच्या खिडक्या, फ्रिजचं दार, कपाटांच्या कड्या, गॅस. बाहेर केबल, पायरी, रॅम्प, नळी, मागचे कप्पे. बघणारे रोज अदलाबदल करायचे, म्हणजे सवयीने नजर चुकत नाही. मग गाडी दहा मीटर पुढे घेऊन थांबवायची आणि मोकळ्या झालेल्या जागेकडे एकदा चालत जाऊन यायचं. राहिलेली वस्तू तिथेच दिसते.

सर्वांत आग्रहाने सांगायचं ते हे, की एकानेच गाडी चालवायची आणि दुसऱ्याने आतलं बघायचं अशी वाटणी करू नका. एक जण तापाने पडला किंवा त्याची कंबर धरली, तर दुसऱ्याला गाडी दवाखान्यापर्यंत न्यावी लागेल. त्यासाठी दर आठवड्याला अर्धा तास तरी दुसऱ्याने स्टिअरिंगवर बसायचं, मोकळ्या जागेत मागे घेऊन बघायची. गॅसची मुख्य चावी, बॅटरीचा मुख्य स्विच, फ्यूजची पेटी, कॅसेटचं दार, दोघांच्या औषधांची मूळ घटकांच्या नावांसह यादी : या जागा दोघांनाही अंधारात सापडल्या पाहिजेत. गाडीची उंची, रुंदी आणि वजन मोठ्या अक्षरांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. उंचीत छतावरचं पॅनल आणि अँटेना धरा.