पाचवी काडी
घरगुती बागांची निगा राखताना झाड उपटण्यासाठी बोलावणे येणे हे नवे नाही. परंतु गेल्या हिवाळ्यातला एक प्रसंग अजून मनातून जात नाही. "पाने भरपूर, फूल एकही नाही. चार वर्षे वाट पाहिली, आता काढून टाका," असे मालकीणबाईंनी हायड्रेंजियाच्या झुडपाबद्दल सांगितले.

कारण पाहताक्षणीच कळले. आदल्याच दिवशी छाटणी झाली होती आणि सगळ्या काड्या गुडघ्याच्या उंचीवर सफाईने कापलेल्या होत्या. मोठ्या पानांच्या, गेंदेदार हायड्रेंजियाची फुले आदल्या मोसमाच्या अखेरीसच काडीच्या शेंड्यावरील डोळ्यात धरलेली असतात. हिवाळ्यात शेंडा कापला की पुढच्या उन्हाळ्याचे फूल गेले. शंकूसारखे तुरे धरणारा हायड्रेंजियाचाच दुसरा प्रकार, पॅनिक्युलाटा, नव्या फुटीवर फुलतो, म्हणून त्याला हीच छाटणी मानवते. दोघांना एकाच मापाने कापणाऱ्या आणि कात्री धरायला शिकवताना काडीचे वय न शिकवणाऱ्या माळ्यांचा मला मनापासून राग येतो.

बाई आस्थेवाईक होत्या. आम्लधर्मी मातीत, सामू 5.5 च्या आसपास किंवा त्याखाली असताना, मुळांना ॲल्युमिनियम मिळते आणि गुलाबी फूल निळे होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यासाठी चारही वर्षे त्यांनी बेताने ॲल्युमिनियम सल्फेट दिले होते. रंगाबद्दल इतके जाणणाऱ्या बाईंना काडीबद्दल मात्र कोणी सांगितले नव्हते.

भिंतीच्या बाजूला, पाचोळ्याआड, पाच काड्या कात्रीतून सुटल्या होत्या. "यांत फुले आहेत," म्हटल्यावर बाईंना पटेना. मी एका काडीचा टपोरा डोळा पात्याने उभा चिरून भिंगाखाली धरला. तपकिरी खवल्यांच्या आत, पानांच्या पोपटी घड्यांमध्ये, मोहरीहून बारीक कण्यांचा एक गुच्छ दडलेला होता. बाई बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे फुलं दरवर्षी धरत होती, आणि आपण ती कचऱ्यात टाकत होतो."

झुडूप राहिले. उन्हाळ्यात चार काड्यांवर चार निळे गेंद आले; पाचवीला बाजूच्या डोळ्यांतून नुसती पाने फुटली. त्या काडीपाशी मन अडते. आदल्या दिवशी छाटलेल्या शेंड्यांचा ढीग फाटकाजवळ तसाच पडला होता, आणि बाईंना दाखवायला त्यातला कोणताही डोळा चिरला असता तरी चालले असते.